झडप बदललेल्या माणसाची दाढ

(वाचकांचे प्रश्न, दंतवैद्याची उत्तरं)

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. माझ्या सासूबाई (आम्ही सगळे त्यांना आत्याच म्हणतो) ५४ वर्षांच्या आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची मायट्रल झडप बदलून धातूची बसवली. रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रॉमची गोळी रोज चालू आहे. दोन महिने झाले, खालची उजवी दाढ ठणकते, गाल सुजतो, परत उतरतो. एका दातांच्या डॉक्टरांनी 'हार्टच्या पेशंटचं मी करत नाही' म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांनी रक्त पातळ व्हायची गोळी पाच दिवस बंद करून या म्हणून सांगितलं. तिसऱ्यांनी पाच दिवस अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलं, त्यानं सूज उतरली. आता आत्या म्हणतात, बरं वाटतंय तर दाढ कशाला काढायची? ऑपरेशनच्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं की दाताचं काहीही करायच्या आधी गोळ्या घ्यायच्या. कुठल्या, किती, कधी, ते आता कुणालाच आठवत नाही. आत्या मिश्री लावतात, सांगून सोडत नाहीत. आम्ही काय करावं?
— एक सूनबाई

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सूज उतरली म्हणून आत्यांना हायसं वाटलं असेल, पण मला धास्ती वाटते ती त्याचीच. दाढेच्या मुळाशी पू झालेला आहे. गोळ्यांनी तो दबतो, मूळ कारण जात नाही. तिथले जंतू अधूनमधून रक्तात उतरत राहणार, आणि ते रक्त त्या नव्या झडपेवरूनच फिरणार. तेव्हा दाढेचा निकाल लावायचाच. सूज नाही, हे दिवस तर त्यासाठी सगळ्यात चांगले. सूज उतरलेली असली की भूलही नीट चढते.

आता गोळ्यांचं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे आणि आत्यांना ते लागू आहे. आपल्या तोंडात स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू कायम वस्तीला असतात. दात काढला, कीटण खरवडलं, हिरडी सोडवली की त्यातले काही रक्तात शिरतात. निरोगी हृदय असेल तर शरीर थोड्याच वेळात त्यांचा बंदोबस्त करतं. बसवलेल्या झडपेच्या कडेला मात्र, जिथं टाके घालून ती शिवलेली असते, त्यांना चिकटून बसायला आडोसा मिळतो. तिथं जे दुखणं होतं त्याला एंडोकार्डायटिस म्हणतात. ते क्वचित होतं. पण झालं तर निदान सहा आठवडे शिरेतून औषधं, कित्येकदा पुन्हा छाती उघडून दुसरी झडप, आणि इतकं करूनही सगळी माणसं हाती लागत नाहीत.

म्हणून कामाच्या आधी एकच डोस द्यायचा. मोठ्या माणसाला, पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर, अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल, चारही एकदम, काम सुरू व्हायच्या अर्धा ते एक तास आधी. नंतर कोर्स नाही. गडबडीत राहूनच गेला तर काम झाल्यापासून दोन तासांच्या आत घेता येतो. इथं दोन ठिकाणी घोटाळा होतो. चार कॅप्सूल म्हटलं की घरचे लोक त्या दिवसभरात वाटून देतात. आणि कित्येकदा मेडिकलवाला 'तेच औषध आहे, जरा भारी' म्हणून सहाशे पंचवीसची गोळी देतो. त्या गोळीत दुसरंही औषध मिसळलेलं असतं. तिच्या चार एकदम घ्यायच्या नसतात. मी माझ्या अशा पेशंटना कॅप्सूल माझ्यासमोर बसून घ्यायला लावते, केसपेपरवर वेळ लिहिते आणि बाहेरच्या बाकावर बसवून ठेवते. तासगावहून एसटीनं येणाऱ्याची गाडी चुकली, तर घरून घेतलेल्या डोसाचा हिशेब चुकतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक सांगायलाच हवं. आत्यांनी नुकतंच पाच दिवस अमॉक्सिसिलिन घेतलंय. त्यामुळे तोंडात त्या औषधाला न जुमानणारे जंतू उरलेले असू शकतात. कोर्स संपून दहा दिवस होऊ द्या, मग दाढ काढा. तेवढं थांबणं शक्य नसेल तर डोस दुसऱ्या जातीच्या औषधाचा द्यावा लागेल, ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, तोही एकदाच. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असणाऱ्यांनाही हेच चालतात. खरी म्हणायचं कारण, 'रिअॅक्शन आली होती' असं सांगणाऱ्याला मी नेहमी विचारते, नेमकं काय झालं होतं? अंगावर गांध्या, ओठ सुजणे, दम लागणे ही ॲलर्जी. नुसतं पोट बिघडलं होतं तर ती ॲलर्जी नाही. पूर्वी अशा लोकांना क्लिंडामायसिन द्यायचे. त्यानं होणारे जुलाब कधीकधी जिवावर बेततात, म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२१ मध्ये ते यादीतून काढलं. चिठ्ठीवर अजून दिसलं तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा.

तीन डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या, याचा तुम्हाला मनस्ताप झाला असणार. त्यामागचं एक कारण सांगते. हे नियम वारंवार बदलत आलेत आणि ज्यानं ज्या वर्षी शिकलं ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. अमेरिकेत पहिली शिफारस १९५५ ची. मी कॉलेजात होते तेव्हा आम्ही आधी ३ ग्रॅम आणि सहा तासांनी दीड ग्रॅम असं पाठ केलं होतं. १९९७ मध्ये दुसरा डोस गेला आणि पहिला २ ग्रॅमवर आला. तोवर हृदयाला जरासा दोष असला तरी गोळ्या देत. २००७ मध्ये ती यादी आखडून फक्त सगळ्यात जास्त धोक्याच्या लोकांपुरती ठेवली. इंग्लंडनं २००८ मध्ये त्याहून पुढं जाऊन कुणालाच देऊ नका म्हटलं. २०१६ मध्ये त्या वाक्यात 'सरसकट' हा शब्द घालून ते थोडं मागं आले. एवढी ओढाताण व्हायचं कारण असं की दोन गट पाडून, एकाला औषध आणि दुसऱ्याला औषध नसलेली नुसती गोळी, असा अभ्यास या प्रश्नावर झालेलाच नाही. दुखणंच इतकं विरळ की त्यासाठी प्रचंड माणसं लागतील. जे ठरलंय ते धोका आणि फायदा तोलून ठरलंय. कृत्रिम झडपेच्या माणसाला एक डोस देऊन जाणारं थोडं, न दिल्यानं जाऊ शकेल ते फार, म्हणून मी देते.

कुणाकुणाला द्यायचा तेही इथंच लिहिते. झडप बदललेले, मग ती धातूची असो, प्राण्याच्या ऊतीची असो की मांडीतल्या रक्तवाहिनीतून बसवलेली. झडप दुरुस्त करताना कडं किंवा क्लिप बसवलेले. एकदा एंडोकार्डायटिस होऊन गेलेले. जन्मजात हृदयदोषांपैकी काही, त्यांचं खालच्या पत्रात येईल. बायपास झालेले, स्टेंट टाकलेले, पेसमेकरवाले यांना दातांसाठी हा डोस लागत नाही. आणि काम कुठलं, तेही बघायचं. दात काढणं, कीटण काढणं, हिरडीची शस्त्रक्रिया, मुळाच्या टोकापर्यंत जाणारं रूट कॅनाल यांना हवा. दातांचा एक्स-रे, कवळी बसवणं, चांगल्या हिरडीत भुलेचं साधं इंजेक्शन, तारा आवळणं यांना नको.

आता ॲसिट्रॉम. ताई, ही गोळी आपल्या मनानं किंवा नुसत्या दातांच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद करू नका. मायट्रलच्या जागी धातूची झडप म्हणजे तिच्यावर गुठळी धरायचा धोका मोठा. गुठळीनं झडप अडकते, नाहीतर गुठळी सुटून मेंदूत जाते आणि एक बाजू लुळी पडते. दाढेच्या खड्ड्यातून येणारं रक्त मला दाबून थांबवता येतं, टाका घालता येतो, खड्ड्यात जेलफोम (रक्त थांबवणारा स्पंज) ठेवता येतो, रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या पाण्यानं गुळणी देता येते. मेंदूतली गुठळी माझ्या हातात नाही. दाढ काढायच्या आदल्या दिवशी पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी, करा. आत्यांसारख्यांचा तो बहुतेक अडीच ते साडेतीनमध्ये ठेवतात. तेवढ्यात असेल तर एक दाढ गोळी चालू ठेवून काढता येते. वर गेला असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून ते सांगतील तसं. शक्यतो सोमवारी किंवा मंगळवारी सकाळची वेळ घ्या, म्हणजे रात्री रक्त पाझरलं तरी दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडा असतो.

दाढ काढल्यावर चिठ्ठीत मेट्रोनिडाझोल आलं तर तिथंच थांबवा. आपल्याकडे दातदुखीला ते सर्रास देतात. ॲसिट्रॉमबरोबर ते घेतलं की रक्त फार पातळ होतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामकांनीही रक्तस्राव वाढतो. दुखलं तर पॅरासिटामॉल.

'हार्टच्या पेशंटचं मी करत नाही' या वाक्याचं मला वाईट वाटतं, पण त्यामागची भीती मी ओळखते. सांगलीत दवाखाना सुरू करून मला तीनच वर्षं झाली होती. पलूसकडचे एक द्राक्षबागायतदार दात साफ करायला आले. मी त्यांना साखर विचारली, बीपी विचारलं. हृदयाचं ऑपरेशन झालंय का, हे विचारलंच नाही. शर्टाचं वरचं बटण उघडं असतं तर छातीवरचा उभा व्रण दिसला असता. त्यांनाही दातांचा आणि झडपेचा काही संबंध असेल असं वाटलं नाही. दोन आठवड्यांनी त्यांना संध्याकाळची कणकण सुरू झाली. गावात इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, ताप गेला, आठवड्यानं परत आला, परत गोळ्या. असं दोन महिने चाललं. वजन उतरलं, दम लागायला लागला, तेव्हा कुठं झडपेवर जंतू आहेत हे कळलं. दुसरं ऑपरेशन झालं आणि ते वाचले. हे माझ्या हातून झालं असं कुणी म्हणालं नाही आणि तसं सिद्धही करता येत नाही. त्यांच्या हिरड्या इतक्या सुजलेल्या होत्या की रोज दात घासतानासुद्धा जंतू रक्तात जात असणार. पण मी विचारलं नव्हतं, हे खरं. तेव्हापासून माझ्या केसपेपरची पहिली ओळ तीच आहे.

त्यांच्याकडून शिकलेली दुसरी गोष्ट आत्यांच्या घरातल्या प्रत्येकाला सांगा. झडप बदललेल्या माणसाला चार दिवसांच्या वर ताप राहिला आणि सर्दी-खोकल्यासारखं उघड कारण नसेल, तर आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी), मग अँटिबायोटिक. आधीच गोळी पोटात गेली तर रक्तात जंतू सापडत नाहीत आणि निदान लांबतं. गावातल्या डॉक्टरांना दाखवायला जाल तेव्हा 'झडप बदललेली आहे' हे पहिलं वाक्य असू द्या.

त्यासाठी एक कागद करा. सरकारी योजनेतून ऑपरेशन झालेल्या कित्येकांची फाइल घरी ट्रंकेत असते आणि माणूस दवाखान्यात. कुठली झडप, कुठल्या जागी, कोणत्या वर्षी, ॲसिट्रॉम किती, कशाची ॲलर्जी, एवढंच लिहून त्याचा फोटो तुमच्या आणि आत्यांच्या फोनमध्ये ठेवा. झडपेचं नाव बहुतेकांना माहीत नसतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली आपल्या देशातली झडप १९९० पासून बसवली जाते; तीच आहे की बाहेरची, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं सापडेल.

तुमच्या जवळपास कुणी हात लावत नसेल तर सांगलीच्या डेंटल कॉलेजात या. मिरज शेजारीच आहे, हृदयाच्या डॉक्टरांचा सल्ला त्याच दिवशी मिळतो. आत्यांची आणखी एखादी दाढ खराब असेल तर एकाच बैठकीत जास्तीत जास्त काम उरका, म्हणजे पुन:पुन्हा डोस लागणार नाही.

राहिली मिश्री. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ही भुकटी आमच्या भागातल्या बायका दिवसातून तीन-तीन, चार-चार वेळा हिरड्यांवर चोळतात. मी रागावत नाही, कारण बहुतेकींनी ती दातदुखी थांबावी म्हणून धरलेली असते आणि मग ती सुटत नाही. तिनं हिरड्या खाली सरकतात, दाढांच्या मुळांना खाचा पडतात, तिथं अन्न अडकतं, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच. आत्यांना एकदम सोड म्हणू नका. सकाळची पहिली मिश्री आधी बंद करा, त्या जागी मऊ ब्रश आणि साधी पेस्ट. रात्री झोपताना पुन्हा ब्रश. पहिले आठ दिवस हिरड्यांतून रक्त येईल. ते बघून ब्रश सोडायचा नाही. टाचणीनं, काडीनं दात कोरणं पूर्ण बंद. दर सहा महिन्यांनी डोस घेऊन कीटण काढायचं. दाढ काढायच्या दिवशी घेतलेल्या चार कॅप्सूल काही तास राखण करतात. वर्षाचे बाकीचे दिवस आत्यांची झडप त्यांच्या हिरड्यांच्या भरवशावर असते, म्हणून मी मिश्रीवर इतकी ओढून धरते.

प्रश्न : आमचा मुलगा सात वर्षांचा आहे, वजन २० किलो. चार वर्षांचा असताना त्याच्या हृदयाचं भोक छत्री (छत्रीसारखं छोटं झाकण) बसवून बंद केलं. आता दुधाच्या दोन दाढा किडल्यात. त्याला प्रत्येक वेळी अँटिबायोटिक द्यावं लागेल का? त्याचे दात हलून पडतात तेव्हाही रक्त येतं, त्याची भीती वाटते.
— एक वडील, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : दादा, दात आपोआप पडताना येणाऱ्या रक्ताची काळजी नको, त्यासाठी कुणालाच डोस देत नाहीत. छत्री किंवा पॅच बसवून भोक पूर्ण बंद झालं असेल तर पहिले सहा महिनेच दातांच्या कामाआधी डोस लागतो. तोवर तिच्यावर शरीराचं अस्तर चढतं. तुमच्या मुलाला तीन वर्षं झाली. फक्त शेवटच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) छत्रीच्या कडेनं गळती राहिलीय का, ते पाहा. राहिली असेल तर डोस लागेल, किलोला ५० मिलिग्रॅमप्रमाणे त्याच्या वजनाला १ ग्रॅम. नसेल तर नाही. ज्या मुलांचे ओठ-नखं निळी पडतात आणि ऑपरेशन अजून झालेलं नाही, त्यांना मात्र दर वेळी लागतो.

दुधाच्या दाढा पडणारच म्हणून तशाच ठेवू नका. मागच्या दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. आणि चहात बुडवलेलं बिस्कीट संध्याकाळी बंद करून बघा.

प्रश्न : मी २० वर्षांची, जतची. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यानंतर मायट्रल झडप अरुंद झाली. ऑपरेशन झालेलं नाही. दर २१ दिवसांनी पेनिड्यूरचं (पेनिसिलिनचं) इंजेक्शन घेते. अक्कलदाढ काढायची आहे. ओळखीच्या एक काकू म्हणतात, इंजेक्शन चालू आहे म्हणजे दातासाठी वेगळं काही नको. खरं का?

उत्तर : बाळ, काकूंची गल्लत झाली आहे, आणि ती पुष्कळांची होते. पेनिड्यूर तुला घशाच्या जंतूंपासून वाचवतं, म्हणजे तो ताप पुन्हा येऊन झडप आणखी खराब होऊ नये म्हणून. रक्तातलं त्याचं प्रमाण थोडं असतं, दात काढताना उसळणाऱ्या जंतूंना ते पुरत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुझी झडप तुझी स्वतःची आहे, बदललेली नाही. आजच्या नियमांनी अशांना दातांआधी डोस सरसकट देत नाहीत. पण तुला आला तशा संधिवाती तापानं खराब झालेल्या झडपेसाठी काही हृदयतज्ज्ञ माणूस बघून देतात, आणि मला त्यात चूक दिसत नाही. तुझ्या डॉक्टरांना विचार. दे म्हणाले तर अमॉक्सिसिलिन नको. सतत पेनिसिलिन घेणाऱ्यांच्या तोंडातले जंतू त्याला सरावलेले असतात. ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन घ्यावं लागेल. दाढ काढली म्हणून पेनिड्यूरची तारीख मात्र एकही दिवस पुढं ढकलायची नाही.

दातांच्या डॉक्टरांना झडप अरुंद आहे हे खुर्चीत बसायच्या आधी सांग. भुलेच्या इंजेक्शनात बहुधा ॲड्रेनलिन असतं, त्यानं ठोके वाढतात आणि अरुंद झडपेला वाढलेले ठोके सोसत नाहीत. त्यांना ते बेतानं वापरावं लागेल. सपाट झोपल्यावर दम लागत असेल तर तेही सांग, खुर्ची उभी ठेवून काम करता येतं. आणि इकोचा शेवटचा रिपोर्ट सोबत ने. तो दोन वर्षांपूर्वीचा असेल तर आधी नवा करून घे, मग दाढेची तारीख ठरव.